रिकामा दिसलेला किनारा

मंडळी, आज दुपारची भरती बघून आले आणि लगेच लिहायला बसलेय.

समुद्रामुळे होणारी धूप थांबावी म्हणून चिंचणीजवळच्या एका किनाऱ्यावर आमच्या संस्थेने सुरूची रोपं लावली होती. आज बघायला गेले तर एकही जागेवर नाही. तिथे बांबू रोवलेले आणि त्यावर बोंबील सुकत टांगलेले. मी चिडलेच.

बोंबील टांगता टांगता तिथेच किनाऱ्यालगत राहणाऱ्या जयाकाकींनी विचारलं, "तुमची माणसं जागा बघायला कधी आलेली?"

"जुलैत."

"तेव्हा मासेमारी बंद असते. किनारा रिकामाच दिसणार. पण पावसाळा संपला की आम्ही बायका इथेच मासळी सुकवतो. विचारलं असतं तर रोपांना दुसरी जागा दाखवली असती."

आम्ही माती तपासली होती, नकाशे काढले होते. या बायकांशी मात्र कोणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात भरतीचं पाणी बांबूंखालून काकींच्या घराच्या पायरीला लागलं. त्या आत गेल्या आणि तांदळाचा डबा माळ्यावर ठेवून आल्या. "आता रोजचंच झालंय," म्हणाल्या.

उद्यापासून आम्ही घरोघरी जाऊन विचारणार आहोत. पण सुरू वाढायला वर्षं लागतात. तोवर विचारायला घरं उरतील का?