बाबा बसनं गेले

गाडीवाल्या दोस्तहो, पोलीस आपल्यालेच काहून अडवतात, हे मी या ग्रुपवर किती खेपा लिहिलं. आज मात्र त्यावर भांडायची इच्छा नाही.

सकाळी बाबाले डोळे दाखवायले यवतमाळले घेऊन निघालतो. दिग्रसच्या अलीकडं पोलिसानं हात दाखवला. रुंद टायर अन् बदललेला सायलेन्सर पाहून साहेब म्हणाले, "गाडी ठाण्यात घ्या." वयानं माझ्याहून लहानच असतील. मी नेहमीसारखा वाद घालत बसलो.

तेवढ्यात बाबा गाडीतून खाली उतरले अन् त्यायनं हात जोडले. "साहेब, पोरगं चुकलं. या खेपेस सोडा."

बाबाले कोणापुढं हात जोडताना मी कधी पाह्यलं नव्हतं.

साहेबांनी दंड करून सोडलं. दिग्रस आल्यावर बाबा म्हणे, "मले स्टँडवर उतरव. मी बसनं जातो."

"बाबा, सायलेन्सर काढून टाकतो मी."

"काढजो. पण आता उतरव."

यवतमाळपर्यंत मी त्या बसच्या मागंमागं गेलो. रस्ता मोकळा होता, तरी पुढं काढायची हिंमत झाली नाही.

तुमच्या घरचे तुमच्या गाडीत खुशीनं बसतात का? खरं सांगजा.