शेवटी कोण जेवतं?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सभांमधून इतकं बोललो, इतकं छापून आणलं, पण हे — नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही माझा तो लेख वाचला असेल, म्हणून. शाळेतल्या भाकरीच्या महिन्यावरचा. वाचून डोळे भरून आल्याचं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. लेख खोटा नाही. त्यातून फक्त एक कागद काढून टाकलेला आहे.

मी पत्रकांवर वाढलो. आमचे आबा एमआयडीसीत कामगारांच्या बाजूनं लढायचे. गेटवर वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अ-आ-इ गिरवलं. दहाव्या वर्षी मला ‘शोषण’ हा शब्द न चुकता लिहिता येत होता. ते दिसतं कसं, हे कुणी शिकवलं नाही. की शिकवलं होतं, आणि मीच — असो. असो म्हणून सुटका होत नाही, तरी असो.

शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला आमचं गाव. त्या वर्षी मी गावच्याच प्राथमिक शाळेत मानधनावर शिकवत होतो. कल्पना माझीच: पहिली ते सातवी, अख्ख्या शाळेनं महिनाभर एकच विषय शिकायचा. भाकरी. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग पदर खोचून सगळ्यांच्या पुढं झाल्या. पहिलीची पोरं डोळे मिटून बोटांनी बाजरी, ज्वारी, गहू ओळखायची. तिसरीनं एक किलो पिठाच्या भाकरी करवून घेऊन मोजल्या. चौथीनं मैदानात चूल मांडली. सातवीनं गावातली बाजरी कुठल्या कुठल्या बाजाराला जाते त्याचा नकाशा काढला, पार नदीपलीकडच्या वरवंडपर्यंत. शाळा खरंच शिकत होती. एवढं तरी माझ्या नावावर — नको. तेही नको.

पाचवीला मी एक प्रश्न दिला. तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, आणि तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असतं? आठवडाभर बघायचं आणि कागदावर लिहायचं. या प्रश्नानं गाव हलेल, असं मी मोठ्या बाईंना म्हणालो होतो. अशा छातीनं म्हणालो होतो, की जणू मी गावात राहतच नव्हतो.

पाचवीत माझी पुतणी होती. तेजल, थोरल्या भावाची मुलगी. आम्ही सगळे एकाच घरात. शाळेत मला सर म्हणायची आणि फाटकाबाहेर पडली की काका.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यातल्या दोरीला कागद लावत होतो. तिचा हातात आला. मला तो पाठ आहे.

‘आमच्या घरी शेवटी आई जेवते. सोमवारी अर्धी भाकरी उरली. मंगळवारी एक उरली. बुधवारी काकाचे मित्र आले तवा काहीच न्हाई उरलं. आई म्हणली मला भूक न्हाई. नंतर तिनं शेंगदाणे खाल्ले. काका जेवताना बायकांच्या हक्काचं बोलतो. टोपल्यात बघत न्हाई.’

बुधवारी मित्र आले होते, खरं आहे. आम्ही याच प्रदर्शनाबद्दल बोलत होतो. वहिनी तव्यावरची एकेक गरम वाढत होत्या आणि मी तिसरी मागून घेतली होती.

मी काय केलं? कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कुणाला भ्यालो? गावाला? गावाला यात नवल ते काय होतं? माझ्या नावाला भ्यालो. ते तेव्हा नुकतंच कुठं व्हायला लागलं होतं.

दुपारी पालक जमले. मी दोरीवरचा एक कागद काढून वाचून दाखवला. एका धनगर घरातल्या मुलीचा. तिच्या आजोबांनी मेंढरं विकून गावात शेती धरलेली. तिचीही आई शेवटीच जेवायची, चटणी आणि भांड्याच्या तळाची खरवड. वाचताना माझा आवाज कापला. खरोखर कापला. ती बाई समोरच बसली होती. तिनं जी मान खाली घातली, ती टाळ्या संपल्या तरी वर केली नाही. दुसऱ्याच्या घरचं टोपलं मला किती स्वच्छ दिसत होतं!

मग तेजल उभी राहिली.

“सर, माझा कागद न्हाई लावला.”

“राहिला का हो हिचा?” मोठ्या बाईंनी मला विचारलं.

राहिला, हरवला — काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “मुद्दामच लावला नाही. तिनं मनानं रचून लिहिलंय. आपण इथं खरं तेवढंच लावतोय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “लेखकाच्या घरची हाय, गोष्टी रचणारच की!” लोक हसले. मीही हसलो. हो, मीही.

“रचलं न्हाई,” तेजल म्हणाली. “आईला इचारा.”

सगळ्यांनी वहिनींकडं बघितलं. त्या पोरींच्या रांगेमागं उभ्या होत्या. कागदात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज होती का?

“पोरगी काहीबाही लिवती बाई,” वहिनी म्हणाल्या. “आमच्यात समदी संगंच जेवत्यात.”

तेजलनं आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग खाली बसली. रडली असती तर — तर काय? मला बरं वाटलं असतं, एवढंच.

तो शर्ट मी धुवायला टाकला. खिसा तपासला नाही, कारण आपले खिसे दुसरं कुणीतरी तपासतं याची सवय होती. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर तो कागद होता. ओला झालेला, मग उन्हात वाळवून हातानं सपाट केलेला. निम्मी शाई गेली होती, पण ‘टोपल्यात बघत न्हाई’ एवढं वाचता येत होतं. घरातले कपडे वहिनीच धुतात. त्याच टेबलावर बसून मी तो लेख लिहिला.

लेखात धनगराच्या मुलीचा कागद पूर्ण छापलाय. तिच्या आईला विचारलं नव्हतं.

तेजल आता आठवीत आहे. निबंधात तिला पैकीच्या पैकी मिळतात. शिक्षकांना काय हवं ते तिला बरोबर कळतं. काका म्हणायचं तिनं त्या दिवशीच सोडलं, आता घरीही सर म्हणते. आणि जेवायला आमच्याबरोबर बसत नाही. आमची ताटं उचलल्यावर आईबरोबर बसते. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

काल दुपारी टोपलं घेऊन ती माझ्या ताटापाशी आली. दोन भाकरी होत्या. काल मी बघितलं.

“अजून एक वाढू का, सर?”

“वाढ,” मी म्हणालो.