वाहरूच्या पाठीतलं लोखंड

वाहरू वसावे आंब्यावरून पडला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. मोलगीच्या पुढे, जीपचा रस्ता संपल्यावर दीड तास चढून गेलं की त्याचा पाडा लागतो. वैशाखात तिथे घरोघर कैऱ्या कापून आमचूर वाळत घालतात. वाहरू कैऱ्या उतरवत होता, पायाखालची फांदी मोडली आणि तो पाठीवर आपटला. चौघांनी बांबूला झोळी बांधून त्याला खाली आणलं. गुजरातच्या हद्दीतल्या एका खासगी दवाखान्यात त्याच्या कमरेच्या मणक्यात स्क्रू आणि सळ्या बसवल्या. निघताना तिथले डॉक्टर गुजरातीत म्हणाले, चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

वाहरूने ते जन्मभरासाठी धरलं.

घर डोंगरावर आणि डोंगर चढायचा नाही. मग त्याने खाली नंदुरबारजवळच्या कोरीटला पितांबर पाटलांच्या केळीच्या बागेत राखणीचं काम धरलं. जमीन सपाट, हातात फक्त काठी. बायको दिवलीबाई वरच राहिली. वनजमिनीचा पट्टा कसायचा होता, म्हातारी सासू होती. एकुलती मुलगी संध्या लग्न होऊन अक्कलकुव्याकडे गेली होती. दिवलीबाई वर्षातून दोनदा खाली यायची, बागेतल्या खोलीत दोन दिवस राहायची आणि गुरं शेजाऱ्यांवर टाकून आलेय म्हणत परत निघायची.

पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून मोलगीच्या बाजाराच्या दिवशी ती तिथून फोन करायची. वाहरू सकाळपासून फोन खिशात न ठेवता हातात धरून बसायचा. नाल्याला पाणी आहे का, कुडाला माती लावली का, असलं काहीबाही विचारायचा. बोलणं संपलं की म्हणायचा, "बंद करू नको. नुसता हातात धर." मग दिवलीबाई फोन हातात धरून बाजारातून चालत राहायची, आणि इकडे केळीच्या बागेत बसून वाहरू आपल्या बोलीतली घासाघीस, हाका, कोंबड्यांचा कलकलाट ऐकत राहायचा.

चौथ्या वर्षी त्याची आई गेली. निरोप मिळताच तो जीपने रस्ता संपतो तिथपर्यंत गेला. पुढची चढण बघत दुपारभर तिथेच बसला आणि परत आला. त्या दिवसाबद्दल तो कोणाशी बोलला नाही.

सातव्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. त्याने आठ दिवस लपवलं. पितांबर पाटलांच्या लक्षात आलं तेव्हा ते रागावलेच. "आते येळ लावू नको, सकायले नंदुरबार जाऊत," म्हणाले आणि खरोखरच स्वतः घेऊन गेले. नंदुरबारहून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डाव्या मूत्रपिंडाच्या मागच्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. उजवं मूत्रपिंड जुन्या खड्याने केव्हाच निकामी झालेलं. डावं काढलं असतं तर आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही जन्मभर.

तिथल्या डॉ. भाविका शहाद्याकडच्या. सुईने गाठ भाजून मारायचं काम त्या करत. वाहरूची बोली वेगळी आहे हे ओळखून त्या सावकाश मराठीत बोलल्या.

"वाहरूदादा, गाठ लहान आहे. कापायची गरज नाही. पाठीतून सुई घालून तिच्या टोकाशी उष्णता करायची, गाठ जागच्या जागी मरते. अडचण तुमच्या पाठीतल्या लोखंडाची आहे."

"ते तापेल?"

"तापू शकतं. एका मशीनमध्ये मांडीला पट्ट्या लावून अंगातून वीज नेतात. वाटेत धातू असला तर उष्णता नको तिथे जमते. ते मी तुमच्यासाठी वापरणार नाही. दुसऱ्यात पट्ट्या लागत नाहीत, टोकाशीच लहरी निघतात. पण स्क्रू गाठीपासून दीड बोटावर आहे. लहरी धातूवर आपटून कुठे वळतील ते आधी सांगता येत नाही. आणि तिथूनच पायाची नस जाते."

वाहरूने मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "नस भाजली तर चालता येणार नाही?"

"पाय लुळा पडू शकतो. तसं होऊ नये म्हणूनच विचारतेय. धातू कुठे आहे ते फोटोत दिसतं. तो कोणता आहे, कसा बसवलाय, ते मला लेखी हवं. ऑपरेशनचा कागद आहे?"

तो दवाखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. कागद दिवलीबाईकडे होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फोन आला तेव्हा वाहरूने तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दिवलीबाई नाशिकला हजर झाली. आमचुराचे दिवस होते, तिच्या बोटांना कैरीच्या चिकाने काळे डाग पडले होते. बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीतून तिने चार घड्यांचा कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. कागद इंग्रजीत होता.

डॉ. भाविका वाचत गेल्या. "टायटॅनियम. चार स्क्रू, दोन सळ्या. चांगलं झालं, पुढे एमआरआय करायलाही हरकत नाही." मग त्या खालच्या ओळींवर थांबल्या. "दादा, तुम्हाला चढायची मनाई किती दिवसांची होती?"

"कायमची."

"इथे एक वर्ष लिहिलंय."

दिवलीबाईला नीट कळलं नाही. "किती?" तिने विचारलं. डॉक्टरांनी एक बोट वर केलं.

त्यांनी परत फोटो लावून पाहिला. हाड कधीच जुळून घट्ट झालं होतं. त्या काही बोलायला गेल्या, पण दोघांकडे बघून उठल्या आणि थोडा वेळ बाहेर गेल्या.

"मग आईला मी..." वाहरू एवढंच म्हणाला.

दिवलीबाई आपल्या बोलीत म्हणाली, "मी तो कागद सात वर्षं धान्याच्या कणगीत जपला. उंदरांनी खाऊ नये म्हणून."

"कोणाला दाखवला नाहीस?"

"तू एकदा तरी मागितलास?"

तिने पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. सात वर्षांत दुपारच्या वेळी, परत निघायची घाई नसताना, ती अशी त्याच्याजवळ बसली नव्हती.

गाठ जाळायच्या दिवशी वाहरूला पालथं झोपवलं. पूर्ण झोपवायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. "तुमचा पायच मला सांगणार. झिणझिण्या आल्या की लगेच बोलायचं." आधी एका बारीक सुईने त्यांनी मूत्रपिंड आणि पाठीच्या स्नायूंच्या मध्ये पाणी सोडलं, म्हणजे मधलं अंतर वाढेल. स्क्रूजवळ तापमान मोजणारी सुई ठेवली. आकडा पंचेचाळीसकडे सरकला की थांबायचं.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्या वेळी डाव्या मांडीतून मुंग्या धावल्यासारखं झालं. वाहरूने दात आवळले. सांगितलं तर या बाई अर्ध्यात सोडतील, आपण पुन्हा तारखा घेत खालीच राहू, असं त्याच्या मनात आलं. मग चढण आठवली. ती चढायला पाय लागणार होता.

"बाई, मुंग्या!" तो ओरडला.

मशीन बंद झालं. आकडा त्रेचाळीसवर होता. डॉक्टरांनी आणखी पाणी सोडलं, सुईचा कोन बदलला, बराच वेळ वाट पाहिली. वाहरूला पायाची बोटं हलवायला लावली. ती हलली. मग कमी ताकदीवर, थांबत थांबत, उरलेलं काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत गेला. मांडीचा बधिरपणा महिनाभर राहिला आणि गेला. आमचूर अर्धं टाकून आलेली दिवलीबाई पाड्यावर परतली. पुढच्या तपासणीपर्यंत चढण नको, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, म्हणून वाहरू पुन्हा कोरीटला फोनची वाट बघू लागला. पण आता ती वाट बघणं सोसवेना. आधी इलाज नाही म्हणून मन मारता येत होतं.

श्रावणात पुन्हा फोटो काढला. गाठीच्या जागी मेलेला डाग होता. दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं, डॉ. भाविका म्हणाल्या, आणि त्याने न विचारताच पुढे म्हणाल्या, "चढा. दमलात की बसा."

पाऊस सरल्यावर तो चढला. दीड तासाच्या वाटेला त्याला सगळी सकाळ लागली. सहा ठिकाणी बसला. त्याला न्यायला खाली आलेली दिवलीबाई दोन पावलं पुढे चालत होती आणि मागे वळून बघत नव्हती, तो लाजेल म्हणून.

पोचल्यावर आधी तो आईला जिथे माती दिली होती तिथे गेला. मग घरात आला. कूड नवा होता, चूल दुसऱ्या कोपऱ्यात गेली होती. त्याला तहान लागली होती. तो घराच्या मधोमध उभा राहून इकडेतिकडे बघू लागला आणि शेवटी त्याला विचारावंच लागलं, "पाणी कुठे ठेवतेस?"

दिवलीबाईने लगेच दाखवलं नाही. उठून तांब्या भरून आणला, त्याच्या हातात दिला, आणि मग त्याचा दंड धरून त्याला माठापाशी नेऊन म्हणाली, "इथे. बघून ठेव."

पितांबर पाटलांना त्याने पुढच्या बाजाराच्या दिवशी मोलगीहून फोन केला. राखणीला दुसरा माणूस बघा, म्हणाला. तपासणीला खाली येईन तेव्हा तुमच्याकडे उतरेन. पाटील "येत जाय भाऊ," म्हणाले.