आईचा डोळा आणि डावा कौल

आमच्या आईला आयुष्यात कुणावर अवलंबून राहायचं नव्हतं, आणि माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात फक्त अवलंबून असलेल्या आईलाच जागा होती.

मी तेव्हा गोव्यात पाळी गावच्या खाणीवर वजनकाट्यावर होतो. धारगळहून रोज मोटरसायकलने जायचो. घरी बायको आणि आई. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. एकदा तिने शेजाऱ्यांच्या गोठ्यातल्या पाड्याला माझं नाव घेऊन "जेवलंस मा?" म्हणून विचारलं, आणि तो बोलला नाही त्याचा राग माझ्यावर काढला. (बायकोच्या मते चूक होण्यासारखीच होती.) तरी परसातली मिरची ती चाचपून तोडायची आणि हायवेच्या कडेला बसून विकायची. विम्यातून तिचं ऑपरेशन होणार, तेवढ्यात कंपनीने फर्मान काढलं, की आईबाप खरोखर मुलावर अवलंबून आहेत का ते साहेब घरी येऊन बघणार. कुणीतरी स्वतःच्या बसगाड्या असलेल्या बापाला निराधार म्हणून घुसवलं होतं!

मी आईची तयारी करून घेतली.

"तू फक्त इतक्याच म्हण, झील माका पोसता."

"आणि मिरची?"

"मिरचीचा नाव काडू नको."

"देवाक इचारल्याशिवाय मी खोटा बोलूचंय नाय."

झालं. आमच्याकडे सोयरिकीपासून विहिरीपर्यंत सगळं देवाला कौल लावून ठरतं. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही म्हातारी विम्यासाठी खोटा बोलूक परवानगी मागता." (इतकं स्पष्ट सांगायची काय गरज होती?) डावी पाकळी पडली. पंख्याच्या वाऱ्याने पडली असेल, असं मी म्हणालो. गावात सकाळपासून वीज नव्हती.

साहेब आले. आईने आधी त्यांना पोटभर जेवू घातलं. मग त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला कोण सांभाळतं?"

"माका? मीच सगळ्यांका सांभाळतंय. ह्येका सकाळी उठवतंय मी, जेवूक घालतंय मी, मिरची इकतंय मी. ह्यो माका काय पोसतलो?"

मी साहेबांच्या मागे उभा राहून हातवारे करत होतो, डोळे वटारत होतो, हात जोडत होतो. पण जिला ते दिसलं असतं तिला विमा कशाला लागला असता?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग विमा कशाला हवा?"

"माका दिसाना झाला तर ह्येच्याकडे कोण बघतलो?" आई म्हणाली. आवाजात कुठे विनवणी नाही. खरं सांगतो, माझी छाती अभिमानाने फुगली आणि त्याच वेळी ऑपरेशन हातचं गेलं म्हणून मी मनातल्या मनात खर्चाचा हिशेब मांडू लागलो.

साहेब हसले. "पगार नाही, पेन्शन नाही, मुलाच्या घरात राहता. परसातल्या चार मिरच्यांना कंपनी उत्पन्न धरत नाही. नाव राहील."

"चार मिरच्यो?" आई उसळली. "नाक्यार जावन इचारा माझी मिरची कशी खपता ती!"

"आई, गप रव गे," मी आणि बायको एकदमच म्हणालो. सासूविरुद्ध नवराबायकोचं एकमत आमच्या घरात तेव्हाच काय ते झालं. साहेब जाताना मिरची घेऊन गेले. विकत! आईने त्यांना भावातही सूट दिली नाही.

महिन्याभरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा समोर मीच उभा होतो, हे माझं दुर्दैव. आई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. केस, पोट, पुन्हा केस.

"आई, दिसता मा?"

तिने एक उसासा सोडला आणि डॉक्टरांकडे वळली.

"दुसऱ्या डोळ्याची घाई नाय, डॉक्टर. ह्येका बघूक एक पुरे."