पॅकेट वाटेतच संपत होती

पतसंस्थेच्या मानवत शाखेत कॉम्प्युटर मी सांभाळते. परभणीच्या मुख्य कार्यालयात तेच काम माझी वर्गमैत्रीण करते. मुलाखत दोघींनी परभणीच्या जागेसाठीच दिली होती. ती जागा तिला मिळाली, मला मानवत. तेव्हापासून कुणी तिचं कौतुक केलं की माझा घास कडू व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात खात्यांचं सॉफ्टवेअर परभणीहून लांबच्या सर्व्हरवर हलवलं आणि आमच्या शाखेचं काम ठप्प झालं. परभणीशी जोडणी व्हायची, पण नवा सर्व्हर लागेना. मी वायरी बदलल्या, राउटर बंद-चालू केला. काउंटरपुढं माणसं खोळंबली. साहेबांनी मला न विचारता परभणीला फोन लावला.

ती दुपारच्या एसटीनं आली. साहेबांनी तिला स्वतःची खुर्ची दिली, गार पाणी मागवलं. मी तिच्यामागं उभी. ती बराच वेळ फायरवॉलच्या सेटिंग उलटसुलट करत राहिली आणि काहीच होईना, तेव्हा मला बरं वाटलं.

तेवढ्यात तिनं जोडणी तपासायची कमांड चालवली आणि स्क्रीनवरून एक ओळ सरकली.

"थांब. ते परत चालव," मी म्हणाले.

पॅकेटचं आयुष्य वाटेतच संपलं, असं ती ओळ सांगत होती. प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर, एक आकडा असतो, त्याला टीटीएल म्हणतात. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. जुना सर्व्हर जवळ होता, म्हणून आजवर भागलं होतं. आम्ही राउटरची सेटिंग उघडली. राउटर बसवणाऱ्या ठेकेदारानं बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा तो आकडा फार लहान ठेवला होता. मी वाढवला. सर्व्हर लागला.

"मॅडम, तुमी आलात म्हणून काम झालं," साहेब तिला म्हणाले.

"मी न्हाई सर, हिनं शोधलं. मी भलतीकडंच बघायले होते."

"असं का," म्हणून साहेबांनी तिच्यासाठी चहा सांगितला.

ती गप्प बसली असती तर मला तिचा राग तरी करता आला असता.

स्टँडवर सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हाताखाली एक जागा निघायलीय. येतीस का?"

"बघू," मी म्हणाले.

"हाताखाली" हा शब्द घरी येईपर्यंत टोचत राहिला. अर्ज मात्र मी त्याच आठवड्यात केला.