झेरॉक्सवाल्या वहिनींची खंडेनवमी

आधीच सांगते, अक्षर माझं वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चौथीतच सुटलं. चुकांबद्दल माफी असावी. कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण झेरॉक्सवाल्या वहिनी कुठेतरी लिहिलेल्या राहाव्यात असं वाटतं.

वहिनी माणसांशी मोजकं बोलत आणि मशिनांशी भरपूर. दिंडोशीला कोर्टामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. झेरॉक्स, टायपिंग, स्कॅन. गिऱ्हाइकाला आकडा सांगितला की त्यांची मान खाली. पण कागद अडकला की मशीनला पोरासारखं थोपटत मालवणीत सुरू व्हायच्या, "काय रे झिला, सकाळपासून काय खाऊक नाय?" समोरच्या ओट्यावर मी साड्यांना फॉल लावत बसायची. दिवसभरात आमच्यात दोन वाक्यं होत, तरी सोबत वाटायची.

झोपड्या पाडून इमारतीत खोल्या द्यायच्या म्हणून आमच्या वस्तीची पाहणी झाली तेव्हा पाहणीवाल्यानं माझ्या खोलीचे जुने कागद नेले, ते परत आलेच नाहीत. यादी लागली आणि माझं नाव अपात्रांत. नशीब, कागद देण्याआधी वहिनींनी स्कॅन करून ठेवले होते. "मूळ कागद हातातसून सोडूचो तर नक्कल ठेवन सोडूचो," असं त्या प्रत्येकीला सांगत. हरकतीचा अर्जही त्यांनीच टाइप केला, कागदांसकट छापायचा तेवढा राहिला होता. तो द्यायचा शेवटचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता.

खंडेनवमीला वहिनी सगळी मशिनं पुसून बंद करत आणि हळदकुंकू लावत. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही, हा त्यांच्या गिरणीतल्या सासऱ्यांचा नेम. त्या वर्षी नेमका कॉम्प्युटरवर अपडेट चालू होता. टिपक्यांचं चक्र फिरत होतं, इकडे मुहूर्त टळत होता. वहिनींनी जरा वेळ वाट पाहिली, मग प्लग काढला आणि फूल वाहिलं.

दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं घेऊन गेले, तर शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले. कॉम्प्युटरचा पडदा काळा, आणि वहिनी हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"उठणा नाय गो," त्या म्हणाल्या. "तुझे कागद ह्याच्यातच आसत."

मी खाली बसले. पानं हातातच चुरगळली.

मेकॅनिक सणाला गावी गेलेला. फोनवर म्हणाला, "फॉरमॅट मारा वहिनी, डेटा गेला समजा."

"समजा म्हणाक तुझा काय जाता? दुसरो उपाय सांग."

तो हसला, पण सांगितलं त्यानं. चालू होता होता बटण दाबून बंद करायचं, असं दोन-तीनदा. मग निळा पडदा येईल, त्यात शेवटचा अपडेट काढून टाकायची सोय असते. "पण या वेळी मध्येच लाइट गेली, तर मला फोन करू नका."

निळा पडदा आला. वहिनी एकेक इंग्रजी शब्द पुटपुटत वाचू लागल्या. "आधी वाच, मगे बोट," हे त्यांचं नेहमीचं. एके ठिकाणी बोट हवेतच थांबलं. "ह्या दाबलंय तर सगळा पुसतला." त्या मागच्या पानावर आल्या. शेवटी हवी ती ओळ सापडली. दाबली. चक्र फिरू लागलं.

"भायर बोर्डाकडे उभी रव. कोणाक हात लावूक देव नको."

आमच्या ओळीतल्या दुकानांचे मेन स्विच बाहेर एकाच बोर्डावर होते. शेजारचा फरसाणवाला देवीच्या मिरवणुकीचे लाइट जोडायला वायर घेऊन आलाच. "सरका ताई, दोन मिनिटं मेन बंद करतो."

मी आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. नळावर कुणी माझी कळशी बाजूला सारली तरी मी खाली बघायची.

"नाही," म्हटलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं. त्याचा हात वर गेला. मी बोर्डाला पाठ लावली आणि ओरडले, "हात लावू नका! माझं घर आहे आत!"

"घर? दुकानात?" तो बघतच राहिला. "ओ ताई, देवी नाक्यावर आली, वाट लावाल ना आमची!"

"देवी थांबेल. तिला मी सांगते."

आतून वहिनींचा आवाज येत होता, "उठ रे झिला. चूक माझी, तुझी नाय. आता रागाव नको." मग तोही थांबला. ढोल जवळ येत होते. फरसाणवाला पाय आपटत उभा. आत जावं तर बोर्ड सुटतो.

आणि प्रिंटर घरघरला.

वहिनी कोमट कागद घेऊन बाहेर आल्या, माझ्या हातात ठेवले आणि फरसाणवाल्याला म्हणाल्या, "जोड रे बाबा तुझे लाइट." मला मात्र बोर्डापासून हलायला वेळ लागला.

अर्ज वेळेत गेला. पुढे खोली मिळाली, तीच ही. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा अपडेट चालू होता, तर वहिनी फूल हातात धरून कॉम्प्युटरसमोर बसून होत्या. "हेचा काम पुरा होऊ दे. अर्ध्यात उठवन केलेली पूजा देवाक तरी कशी पावतली?"

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान दुसऱ्याला देऊन त्या गावी गेल्या. गेल्या शिमग्यात वारल्याचं कळलं, तेही उशिरा.

यंदा खंडेनवमीला माझ्या मशीनवर एका साडीचा फॉल अर्धा होता. सून म्हणाली, "आई, फूल वाहा ना, मुहूर्त टळतोय."

"थांब," मी म्हटलं. काठ संपेपर्यंत शिवण घातली, दोरा तोडला, आणि मग फूल वाहिलं.