फाट्यावरचा फ्लेक्स

आमच्या साडूंइतका शिकलेला आणि तितकाच बिनअकलेचा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. जनावरांचे डॉक्टर. बोरीत दवाखाना. पण जनावराला हात लावणं यांना कमीपणाचं! म्हैस मालकानं धरायची, शेपूट त्याच्या बायकोनं, आणि हे नाकाला अत्तराचा रुमाल लावून लांबूनच सुई टोचणार. एकदा बुटावर शेणाचा शिंतोडा उडाला, तर गृहस्थ अर्धा तास बूट धूत बसले. म्हैस तिकडे कण्हतेय. वर आम्हालाच ऐकवणार, "मी डॉक्टर हाय, गुराखी न्हाई."

असा माणूस एजंटाच्या गोड बोलण्याला भुलला. आखातात मोठी डेअरी, पशुवैद्यकीय अधिकारी, एसी केबिन. करारनामा अरबीत. यांनी एक अक्षर न कळता सही ठोकली. "भाऊ, तिकडं गायीबी एसीत राहत्यात!" मग काय, आमच्याकडची रीतच आहे. शाल, नारळ, हार, आणि देवगाव फाट्यावर हा एवढा मोठा फ्लेक्स: 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुकांत पहिला फोटो माझा.

तिकडे उतरताच मालकानं पासपोर्ट काढून घेतला आणि हातात फावडं दिलं. दिवसभर गोठ्यातलं शेण ओढायचं. केबिन होती, पत्र्याची, आठ जणांत एक. तरी साहेब घरी फोटो पाठवणार पांढऱ्या कोटातला, गमबूट दिसू नयेत म्हणून कमरेपर्यंतच. मेहुणी तो गल्लीभर दाखवत फिरायची. खरं काय ते फोनवर मला एकट्याला सांगितलं, आणि मी सोडतोय होय? "अहो डॉक्टरसाहेब, इथं वास येत होता ना? घ्या आता पोटभर!" वाटलं, भडकतील. ते नुसतेच हसले. मला माझीच लाज वाटली.

परवा पुन्हा फोन. पाठ गेली, फावडं धरवेना, म्हणून मालकानं पासपोर्ट तोंडावर फेकला होता.

"मग या की निघून!" मी ओरडलो.

ते हळूच म्हणाले, "भाऊ, फाट्यावरचा फ्लेक्स हाय का अजून? त्याच्या खालूनच यावं लागतंय."

तडक फाट्यावर गेलो. उन्हानं फ्लेक्सवरचा त्यांचा चेहरा पार पांढरा पडला होता. माझा मात्र शाबूत. सुतळ्या कापल्या, घडी घातली, तिथूनच फोन लावला.

"या, डॉक्टरसाहेब," म्हणालो, "फाटा मोकळा हाय."